बोलण्याआधीचा क्षण : विक्रम गोखले यांच्या अभिनयाचा विचार

मराठी रंगभूमीवर नटाची थोरवी दीर्घकाळ त्याच्या वाणीवरून मोजली गेली. संगीत नाटकाच्या काळात ती गळ्यावरून ठरत असे आणि पुढे गद्य नाटकाचे, म्हणजे पदांवाचून केवळ संवादांवर उभ्या राहणाऱ्या नाटकाचे, दिवस आले तेव्हा ती शब्दफेकीवरून, पल्लेदार वाक्य एका दमात पेलण्याच्या ताकदीवरून ठरू लागली. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवू न शकणारा नट या परंपरेत कच्चाच मानला जाई. विक्रम गोखले (१९४५–२०२२) यांना ही ताकद पुरेपूर लाभली होती, त्यांचा खर्जातला भारदस्त आवाज आणि स्वच्छ उच्चार यांविषयी त्यांच्या टीकाकारांनीही कधी तक्रार केली नाही. तरीही त्यांच्या अभिनयाचे मर्म शोधावयाचे झाल्यास ते त्यांच्या बोलण्यापेक्षा बोलण्याआधीच्या क्षणात अधिक सापडते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. समोरच्या पात्राचे वाक्य संपल्यावर आणि स्वतःचे वाक्य सुरू होण्यापूर्वी जो अवकाश उरतो त्यास नाट्यव्यवहारात विराम म्हणतात. बहुतेक नट या अवकाशात आपल्या पाळीची वाट पाहतात, तर गोखले यांचे पात्र त्या अवकाशात विचार करीत असते आणि तो विचार प्रेक्षकाला शब्दांवाचून दिसतो. रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तीन माध्यमांत त्यांनी या एकाच गुणाला कसकसे वळण दिले, हे पाहणे म्हणजे त्यांची कारकीर्द पाहणे होय.

गोखले यांच्या घराण्याचा उल्लेख नेहमी अभिमानाने होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या अभिमानात या घराण्याने सोसलेले सामाजिक मोल बहुधा झाकले जाते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्यातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास कोणतीही स्त्री तयार झाली नव्हती. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात विक्रम गोखले यांच्या पणजी दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी मोहिनीची भूमिका केली, आणि भारतीय चित्रपटात स्त्रीपात्र प्रथमच स्त्रियांनी साकारले. दुर्गाबाई पतीपासून विभक्त होऊन मुलीला घेऊन नाटक मंडळीत आल्या होत्या. प्रतिष्ठित घरातील बाईने रंगमंचावर पाऊल टाकणे म्हणजे जातीबाहेर जाण्यासारखे होते, अशा काळात या मायलेकींनी पोटासाठी आणि कलेसाठी हा धंदा पत्करला. कमलाबाईंचा विवाह नाटक मंडळीतील रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. त्यांच्या मुलांपैकी लालजी आणि सूर्यकांत हे तबलावादक म्हणून नावारूपाला आले आणि विक्रम यांचे वडील चंद्रकांत गोखले नट झाले. कमलाबाईंना दीर्घायुष्य लाभले. १९९०च्या दशकाच्या आरंभी रीना मोहन यांनी त्यांच्यावर केलेल्या माहितीपटात नव्वदीतल्या कमलाबाई आपले नाट्यजीवन स्वतःच्या तोंडून सांगतात, आणि भारतीय रंगभूमीच्या अभ्यासकाला त्याहून मोलाचा पुरावा क्वचितच मिळेल.

अशा घरात १९४५ साली पुणे येथे विक्रम गोखले यांचा जन्म झाला. अभिनय रक्तातून उतरतो, या समजुतीला आधार नाही. उतरते ती शिस्त, आणि अभिनय हा छंद नसून रोज निष्ठेने करावयाचे काम आहे हे भान. ज्या घरात पणजी, आजी आणि वडील या तिघांनीही या कामावर संसार चालवला, तेथे मुलाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. चंद्रकांत गोखले हे नाटक-चित्रपटांतील चरित्र अभिनेते होते, म्हणजे नायक-खलनायक या ठरीव साच्यांबाहेरची, वय आणि स्वभाव घेऊन येणारी माणसे ते उभी करीत. या साध्या, संयत माणसाने आपल्या मिळकतीतून जायबंदी सैनिकांसाठी सातत्याने मदत केली आणि पुढे गोखले कुटुंबाच्या न्यासाने ते काम चालू ठेवले. घरातील तबल्याचा प्रभाव किती पडला हे सिद्ध करता येणार नाही, पण तालात खालीला, म्हणजे टाळी न देता सोडलेल्या मात्रेला, जितके महत्त्व असते तितकेच विक्रम गोखले यांच्या संवादात न उच्चारलेल्या जागेला आहे, ही जाणीव त्यांचा अभिनय पाहताना वारंवार होते.

त्यांच्या नाट्यजीवनातील निर्णायक टप्पा म्हणजे जयवंत दळवी यांचे 'बॅरिस्टर' हे नाटक. दळवींनी 'अंधाराच्या पारंब्या' या स्वतःच्याच कादंबरीवरून ते लिहिले आणि विजया मेहता यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते दिग्दर्शित केले. विजयाबाईंच्या पद्धतीविषयी येथे दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. 'रंगायन' या नाट्यसंस्थेपासून त्यांनी मराठी नटांच्या दोन पिढ्यांना शिकवले ते असे की संवाद म्हणजे पाण्यावर दिसणारा भाग असून खरे नाटक त्याखालील प्रवाहात चाललेले असते. पात्र जे बोलते आणि पात्राला जे म्हणावयाचे आहे, या दोहोंतील अंतर नटाने भरून काढावयाचे असते. या अव्यक्त भागाला अंतःसंहिता असे म्हणता येईल. 'बॅरिस्टर' हे जवळजवळ संपूर्णपणे अंतःसंहितेवर उभे असलेले नाटक आहे.

विलायतेहून शिकून आलेला, इंग्रजी रीतीभाती आणि उदारमतवाद यांनी भारलेला बॅरिस्टर, त्याच्या वाड्यात लाल आलवणात आयुष्य काढणारी विधवा मावशी आणि त्याच वाड्यात राहणारी तरुण राधा, जिच्या वाट्यालाही वैधव्य आणि त्यामागोमाग केशवपनाचे संकट येते, अशी या नाटकाची मांडणी आहे. बॅरिस्टर सुधारणेच्या बाजूने बोलतो, राधेसाठी उभाही राहतो, पण तिच्याविषयीचे प्रेम कृतीत आणण्याच्या क्षणी त्याचे पाय मागे येतात. आपल्या घराण्यातील वेड आपल्यातही उतरेल, या भीतीने त्याला आतून पोखरलेले असते. ही भूमिका सामान्य नटाने केली असती तर दोनच शक्यता होत्या : एक तर सुधारकाची आवेशपूर्ण भाषणे, किंवा शेवटी वेडेपणाचे ढोबळ प्रदर्शन. गोखले यांनी दोन्ही टाळले. त्यांचा बॅरिस्टर सुरुवातीला रुबाबदार, विनोदी, स्वतःच्या आवाजावर प्रेम करणारा असा होता, आणि त्या रुबाबातच मध्येच एखादे वाक्य अर्ध्यावर थांबे, नजर क्षणभर भलतीकडे जाई, आणि पुन्हा काहीच घडले नाही अशा सहजतेने बोलणे सुरू होई. प्रेक्षकाला त्या थांबण्याचा अर्थ तेव्हा कळत नसे, पण नाटक पुढे सरकताना हे थांबे लांबत जात आणि शेवटच्या अंकात त्या माणसाला गिळून टाकत. वेडाची चाहूल पहिल्या अंकातच पेरून ठेवणे आणि तरीही ती उघडी पडू न देणे यासाठी नटाला संपूर्ण नाटकाचा वेळ हिशेबात धरावा लागतो. मराठी रंगभूमीवर अशा प्रकारची कालजाणीव दाखविणाऱ्या भूमिका फार थोड्या आहेत, आणि त्यांत या बॅरिस्टरची गणना अग्रभागी करावी लागते. पुढे विजयाबाईंनी याच कथेवर 'राव साहेब' हा हिंदी चित्रपट केला तेव्हा मुख्य भूमिका अनुपम खेर यांच्याकडे गेली, त्यामुळे गोखले यांचा बॅरिस्टर चित्रपटाच्या पडद्यावर आला नाही.

'महासागर', 'कमला', 'दुसरा सामना', 'संकेत मीलनाचा', 'जावई माझा भला', 'नकळत सारे घडले' अशी त्यांच्या नाटकांची नावे पाहिली तर व्यावसायिक यश आणि आशयाची गंभीरता यांच्या सीमेवर ते सतत वावरले, हे ध्यानात येते. व्यावसायिक रंगभूमी, म्हणजे तिकीटविक्रीवर चालणारी आणि गावोगाव दौरे करणारी रंगभूमी, नटाकडून दर प्रयोगाला टाळ्या मागते. विरामावर विसंबणाऱ्या नटाला तेथे फार मोठी जोखीम पत्करावी लागते, कारण नाट्यगृहातील शांतता कोणत्याही क्षणी खोकल्याने आणि चुळबुळीने भरून जाऊ शकते. ती शांतता धरून ठेवण्याचे सामर्थ्य गोखले यांनी शेकडो प्रयोगांतून कमावले होते आणि त्याविषयी ते कमालीचे आग्रही होते. प्रयोग चालू असताना मोबाइल वाजला तर तो त्यांना केवळ शिष्टाचाराचा भंग वाटत नसे, अभिनयाच्या द्रव्यालाच धक्का लागल्यासारखे वाटे. त्यांचा तो रोष काहींना उर्मटपणाचा वाटला. नाट्यगृहातील शांतता हीच ज्याची सामग्री आहे अशा कलावंताकडे पाहता तो रास्तच होता.

दूरचित्रवाणीने या नटापुढे वेगळाच प्रश्न ठेवला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि प्रारंभीच्या काळात तेथील नाट्यविषयक कार्यक्रम मुख्यतः स्टुडिओत, एकाच वेळी चालणाऱ्या दोन-तीन कॅमेऱ्यांसमोर चित्रित होत. रंगभूमीवरील नटांना ही पद्धत सोयीची वाटे, कारण त्यात प्रवेश सलग करता येतो. मात्र तिचा धोका असा की नट नकळत नाट्यगृहाच्या मापाने बोलतो आणि छोट्या पडद्यावर ते बोलणे अंगावर येते. शिवाय दूरचित्रवाणीचा प्रेक्षक अंधारात एकाग्र होऊन बसलेला नसतो, तो घरातल्या उजेडात, जेवणखाण आणि बोलाचालीच्या मध्ये पाहत असतो. अशा प्रेक्षकापुढे मौन टिकवावयाचे तर त्या मौनात डोळ्यांना धरून ठेवणारे काही घडावे लागते. समीपदृश्य, ज्याला व्यवहारात क्लोज-अप म्हणतात, म्हणजे केवळ चेहऱ्याने व्यापलेली चौकट, हे येथे त्यांचे मुख्य साधन ठरले. पापणीची हालचाल, गिळलेला आवंढा, ओठांच्या कोपऱ्याला पडलेली घडी या गोष्टी नाट्यगृहात तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत; गोखले यांनी रंगभूमीवरचा मोठा विराम छोटा केला आणि त्याचा सारा भार या सूक्ष्म हालचालींवर टाकला.

त्याचे उत्तम उदाहरण म्हणून १९८९ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'उडान' या मालिकेकडे पाहता येते. कविता चौधरी यांनी आपली भगिनी, भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावरून ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात नायिका कल्याणीची भूमिकाही केली. गोखले तिच्या वडिलांच्या भूमिकेत होते. त्या काळी मालिकांतील बाप एक तर कठोर असे किंवा अश्रू ढाळणारा असे. 'उडान'मधील बाप अन्याय सोसतो, व्यवस्थेपुढे थकतो आणि तरीही मुलीला खाली पाहू देत नाही. त्याचा मुलीवरील विश्वास उपदेशातून सांगितला जात नाही, तो ती बोलत असताना तिच्याकडे पाहण्याच्या रीतीतून कळतो. ऐकणे हीदेखील अभिनयातील एक क्रिया आहे, हे या भूमिकेइतके स्पष्टपणे दाखवून देणारी उदाहरणे दूरचित्रवाणीच्या इतिहासात मोजकीच आहेत. त्या मालिकेने अनेक मुलींना गणवेशातील नोकरीचे स्वप्न दाखवले हे सर्वमान्य आहे; त्या स्वप्नाला घरातून होकार देणारा बाप कसा असतो, हेही तिने दाखवले, याची नोंद मात्र पुरेशी झालेली नाही.

पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि दैनंदिन मालिकांचा, म्हणजे आठवड्यातून पाच-सहा दिवस भाग दाखविणाऱ्या मालिकांचा, काळ सुरू झाला. दिवसाला एक भाग पूर्ण करण्याच्या या घाईत संहिता अनेकदा चित्रीकरणाच्या दिवशीच हाती पडते आणि नटाला तालमीला वेळच उरत नाही. या कारखानदारीत बहुतेक ज्येष्ठ नट केवळ हजेरी लावून जातात. 'या सुखांनो या' आणि विशेषतः स्टार प्रवाह वाहिनीवरील 'अग्निहोत्र' या मालिकांत मात्र गोखले यांनी आपला ठेका सोडला नाही. 'अग्निहोत्र'मध्ये विखुरलेल्या एका कुटुंबाचा जुना वाडा आणि त्या कुटुंबाचा भूतकाळ यांचे रहस्य उलगडते. त्यातील मोरेश्वर अग्निहोत्री हा वडीलधारा पुरुष जे जाणतो त्यापेक्षा फार कमी बोलतो, आणि त्याचे न बोलणे हेच कथेला पुढे नेणारे बळ ठरते. लेखक, दिग्दर्शक आणि नट यांना विरामाची किंमत समान कळली की दैनंदिन मालिकेतही काय साधते, ते येथे दिसले.

हिंदी चित्रपटांतील त्यांची कामगिरी संख्येने मोठी आणि गुणवत्तेने असमान आहे, हे स्पष्टपणे म्हणावे लागेल. १९७१च्या 'परवाना'पासून सुरू झालेल्या या प्रवासात त्यांच्या वाट्याला पोलीस आयुक्त, न्यायाधीश, मंत्री आणि नायिकेचे वडील अशा भूमिका पुनःपुन्हा आल्या, ज्यांत त्यांच्या आवाजाचा आणि देहयष्टीचा उपयोग झाला, बुद्धीचा झाला नाही. अपवादही आहेत. मुकुल आनंद यांच्या 'अग्निपथ'मधील (१९९०) आयुक्त गायतोंडे हा त्यांतील एक. गुन्हेगार झालेल्या विजय चौहानकडे हा अधिकारी कायद्याच्या नजरेने पाहतो आणि वडीलमाणसाच्या नजरेनेही पाहतो. अमिताभ बच्चन यांच्या घोगऱ्या, तुटक बोलण्यासमोर गोखले यांनी आपला सूर खाली ठेवला आणि त्यामुळे त्या दोघांच्या प्रसंगांना तोल आला. संजय लीला भन्साळी यांच्या 'हम दिल दे चुके सनम'मधील (१९९९) पंडित दरबार हा गायक शिष्याकडून गुरुदक्षिणा म्हणून आपल्या मुलीपासून दूर जाण्याचे वचन मागतो. त्या क्षणी कठोर असलेला हा माणूस खलपुरुष वाटत नाही, याचे कारण मागणी उच्चारण्यापूर्वी त्यांनी घेतलेला वेळ. हिंदी चित्रपटसृष्टीने या नटाचा पुरता उपयोग करून घेतला नाही. त्याची कारणे साचेबंद पात्रयोजनेत आहेत, नटाच्या मर्यादेत नाहीत.

मराठी चित्रपटांत 'कळत नकळत', 'लपंडाव', 'वजीर' असे वेगवेगळ्या जातीचे चित्रपट त्यांनी केले. 'कळत नकळत'मध्ये ते विवाहबाह्य नात्यात अडकलेले पती होते, तर १९९१ साली आलेल्या आणि महाराष्ट्रभर स्त्रीप्रेक्षकांची अलोट गर्दी खेचणाऱ्या 'माहेरची साडी'त पोटच्या मुलीचा राग करणारे वडील. 'उडान'मधील पित्याच्या मागोमाग दोनच वर्षांत हा पिता आला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या आवाक्याची कल्पना येते.

तथापि पडद्यावरील त्यांची सर्वांत परिपूर्ण भूमिका गजेंद्र अहिरे दिग्दर्शित 'अनुमती'मधील रत्नाकर पाठारे हीच होय. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान इरफान खान यांच्यासमवेत विभागून मिळाला. कथा अगदी सरळ आहे. निवृत्त शिक्षक असलेल्या रत्नाकरची पत्नी मेंदूतील रक्तस्रावामुळे बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे, उपचारांचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेला आहे, आणि कृत्रिम उपचार थांबविण्यास संमती द्यावी असे मुलाला व्यवहाराने पटले आहे. रत्नाकर ती अनुमती देऊ शकत नाही. पैशासाठी तो दारोदार फिरतो, ज्यांच्याकडे कधी हात पसरला नसता त्यांच्याकडे जातो आणि पुन्हा पत्नीच्या खाटेशी येऊन बसतो.

या भूमिकेत गोखले यांनी एक अवघड निर्णय घेतलेला जाणवतो, तो असा की आयुष्यभर कमावलेला भारदस्तपणाच त्यांनी काढून टाकला. रत्नाकरचा आवाज पातळ, काहीसा ओशाळलेला आहे. तो उसने पैसे मागताना विषयाला येण्यापूर्वी इकडचे तिकडचे बोलतो, मुद्दा ओठांशी येऊन परत जातो. मास्तर म्हणून आयुष्यभर ताठ मानेने वावरलेल्या माणसाला मागणे किती जड जाते, हे त्या अडखळण्यातून उमटते, आणि 'बॅरिस्टर'मध्ये वेडाची चाहूल देणारा तोच विराम येथे स्वाभिमान मोडण्याची वेदना सांगतो. नीना कुळकर्णी यांनी साकारलेली पत्नी वर्तमानात निश्चल आहे. तिच्याशी होणारे सारे बोलणे एकतर्फी आहे. समोरून उत्तर येणारच नाही हे ठाऊक असूनही उत्तरासाठी जागा सोडून बोलणारा नवरा गोखले यांनी उभा केला. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले, त्यांपैकी सात्त्विक म्हणजे अंतःकरणाच्या एकाग्रतेतून आपोआप प्रकटणारा अभिनय; आधुनिक चित्रपटात त्या संज्ञेला अर्थ उरला आहे का, अशी शंका घेणाऱ्याने हे प्रसंग पाहावेत.

त्यांच्यावरील मुख्य आक्षेपाचा विचार टाळणे योग्य होणार नाही. त्यांचे विराम लांबतात, त्यांची लकब झाली आहे, सहकलावंताला त्यामुळे ताटकळावे लागते, असे म्हटले गेले. लकब म्हणजे पात्राच्या गरजेवाचून नटाने सवयीने वापरलेली युक्ती. सुमार संहितांमध्ये, जेथे वाक्याखाली कोणताही प्रवाहच नव्हता, तेथे त्यांचे थांबणे खरोखरच रिकामे वाटते, आणि त्यांच्या कारकिर्दीत अशा संहिता थोड्या नाहीत. परंतु हा दोष पद्धतीचा नाही. विरामाला आशय संहितेकडून मिळतो, आणि जो नट संहितेकडे इतक्या मोठ्या अपेक्षेने पाहतो त्याला पोकळ संहितेचा फटकाही सर्वांत जास्त बसतो. २०१० साली 'आघात' हा रुग्णालयाच्या पार्श्वभूमीवरील चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, त्यामागे चांगल्या संहितेची ही भूक असावी असे मानण्यास जागा आहे. संगीत नाटक अकादमीचा २०११ सालचा पुरस्कार त्यांना रंगभूमीवरील कार्यासाठी मिळाला.

२०१६ साली घशाच्या विकारामुळे त्यांनी रंगभूमीवरून निवृत्ती पत्करली. त्याच वर्षाच्या आरंभी महेश मांजरेकर यांचा 'नटसम्राट' प्रदर्शित झाला होता. कुसुमाग्रजांच्या मूळ नाटकात नसलेले, नायक गणपतराव बेलवलकरांच्या जुन्या नटमित्राचे, रामभाऊंचे पात्र या चित्रपटासाठी नव्याने निर्माण करण्यात आले आणि ते गोखले यांनी साकारले. रुग्णालयाच्या खाटेवरील रामभाऊ आणि नाना पाटेकर यांचे गणपतराव कर्ण-कृष्ण संवाद म्हणतात, तो प्रसंग चित्रपटात सर्वाधिक गाजला. दोघांच्या पद्धतीतील भेद तेथे समोरासमोर दिसतो : पाटेकर शब्दांवर झेप घेतात, गोखले शब्द येऊ देतात, श्वास अपुरा पडलेल्या माणसाला पल्लेदार वाक्य पेलवत नाही, म्हणून रामभाऊ वाक्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यानंतर लागणारी धाप ही त्या जुन्या नटाची लयच होऊन जाते. ज्या परंपरेत नटाची थोरवी दमावरून मोजली गेली, तिच्यातल्या एका नटाचा दम सुटताना दाखवणारा हा अभिनय आहे, आणि तो करणाऱ्याचा स्वतःचा घसा त्याच सुमारास त्याची साथ सोडत होता.

रंगमंच सुटला तरी कॅमेऱ्यासमोरचे काम थांबले नाही. २०२०च्या 'एबी आणि सीडी'त ते पुन्हा अमिताभ बच्चन यांच्यासह दिसले, आणि निखिल महाजन यांच्या 'गोदावरी'त नाशिकच्या नदीकाठच्या कुटुंबातील आजोबा नारोशंकर त्यांनी रंगवले. हा चित्रपट ११ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला पुणे येथे गोखले यांचे निधन झाले.